गळ टाकून बसण्याचं बुकिंग

आमच्या लिंगायतांत सुतक नाही. माणूस गेला म्हणजे शिवाला मिळाला, त्यात विटाळ कसला, असा त्यामागचा विचार आहे आणि विचार म्हणून तो मला आजही पटतो. अडचण एवढीच, की ज्या घरात सुतक नसतं त्या घरात नुसतं बसून राहायला कारण नसतं. वहिनी गेली तेव्हा शेजारपाजारचे लोक येऊन विचारत, ‘दहावं कधी?’ आम्ही ‘आमच्यात नसतं’ म्हणालो की ते जरा खट्टू होत, जणू आम्ही त्यांना पंगतीतून वगळलं होतं. स्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला, वहिनीला बसवून माती दिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा धुतलेलं धोतर नेसून मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला हजर झाले.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. त्यांची गुळाची खरेदी-पेढी होती. कोल्हापुरात गूळ घ्यायचा आणि गुजरातेत पाठवायचा, हा वडिलांपासूनचा धंदा. मी एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो, म्हणजे ज्याचं आता काहीच करता येत नाही ते दरवर्षी नव्या मुलांना सांगत होतो. आम्ही एकाच घरात राहायचो, ते खाली, आम्ही वर. त्यांची मुलगी लग्न होऊन निपाणीला गेली होती. वहिनी गेल्यावर खाली अण्णा एकटेच उरले आणि जेवायला वर येऊ लागले.

शतक नुकतंच बदललं होतं. वर्तमानपत्रांत त्याबद्दल बरंच काही येत होतं. आमच्या घरात बदल एवढाच झाला, की एका ताटाची जागा खालून वर आली.

मला स्वतःलाही फार काही वाटत नव्हतं, हे सांगायला हवं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. माझी चड्डी शिवण्यापासून माझ्या लग्नात मला हळद लावण्यापर्यंत सगळं तिनं केलं होतं. ती गेली त्या आठवड्यात माझ्याकडे तपासायला पेपर आले होते. मी ते सगळे तपासले आणि मार्कांच्या बेरजेत एकही चूक केली नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. घर त्या दिवसांत तसं होतं.

आता गुळाबद्दल थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सौद्याच्या सकाळी गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या लागतात. व्यापारी एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीवर जातात, रव्याचा टवका काढतात, रंग बघतात, बोटांत चुरून कणी बघतात आणि मग जिभेवर ठेवतात. नदीकाठच्या चोपण रानातल्या उसाचा गूळ दिसायला कितीही देखणा असला तरी खारट असतो, आणि ते डोळ्यांना कळत नाही. अण्णांची जीभ यार्डात प्रसिद्ध होती. इतरांना तीन थप्प्यांनंतर जे कळायचं ते त्यांना पहिल्या टवक्याला कळे. अण्णा नुसत्या चवीवरून रान नदीच्या अलीकडचं की पलीकडचं ते सांगतात, असं काही लोक म्हणत. हे साफ खोटं होतं. पण अण्णांनी ते कधी नाकारलंही नाही.

वहिनीला जाऊन महिना झाला असेल. पुढचा प्रकार मला नंतर पेढीवरच्या हमालानं सांगितला. कुरुंदवाडकडच्या एका शेतकऱ्याची थप्पी लागली होती. माणूस सरळ होता. अण्णा टवका काढत असतानाच तो म्हणाला, “मालक, आधीच सांगून ठेवतो. रान चोपण हाय. जरा खारट मारतोय.”

अण्णांनी तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “चांगला हाय. घेतला.”

“न्हवं, खारट हाय की, मालक.”

“मी घेतला म्हटलं नव्हं? मग तुझं काय जातंय?”

शेतकरी गप्प बसला. आपलं रान एका रात्रीत सुधारलं असेल, अशी शक्यता तो मनातल्या मनात तपासत असावा. पण यार्ड गप्प बसलं नाही. अण्णांनी खारट गूळ चांगल्याच्या भावानं उचलला म्हणजे अण्णांना गुजरातेतून काहीतरी आतली बातमी लागली आहे, असं ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाकीचे व्यापारी खारट थप्प्या शोधत फिरू लागले. जो गूळ एरवी शेवटी उरायचा तो त्या दिवशी आधी संपला. शहाण्या माणसांची एवढी मोठी रांग एका चुकीमागे उभी राहिलेली मी तोवर फक्त इतिहासाच्या पुस्तकात वाचली होती.

पंधरवड्यात अण्णांचा ट्रक गुजरातेतून माघारी आला. तिकडच्या व्यापाऱ्यानं फोनवर नेहमीच्या अदबीनं चौकशी केली, “शेठ, तबियत तो ठीक है?” बाकीच्यांचेही ट्रक आले. यार्डात अण्णांच्या शेजारच्या गाळ्यात एक व्यापारी बसे. वयानं अण्णांपेक्षा लहान, अंगानं दुप्पट आणि जिभेनं तिखट. त्याचाही माल परत आला होता. तो रोज सकाळी अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात बोले.

“अण्णा, आता गूळ सोडा आन मिठागर काढा. कागलच्या एमआयडीसीत जागा बघू या काय? पंचतारांकित हाय म्हणं. मीठ बी पंचतारांकित निघंल.”

अण्णा त्यावर हसत, असं तोच हमाल सांगे. ते हसत होते म्हणूनच मला काळजी वाटली. पूर्वी त्यांनी त्याला तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर यार्डात आठवडाभर फिरलं असतं.

रविवारी जेवण झाल्यावर मी खाली गेलो आणि सरळ विचारलं. अण्णा पुढच्या सोप्यात बसले होते.

“जिभंवर कायच कळंना झालंय,” ते म्हणाले. दुकानाचा पत्रा गळतोय असं सांगावं तितक्याच साधेपणानं.

“कधीपासून?”

“ती गेल्यापास्नं. गोड न्हाय, खारट न्हाय. भात खाल्ला तर तोंडात काय तरी हाय एवढंच कळतंय.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“दाखवलं की. घशात बॅटरी मारली आन म्हणाला, सगळं बरोबर हाय. टेन्शन घेऊ नका. मी कुठं घेतलंय?” मग ते म्हणाले, “कुणाला बोलू नको. यार्डात कळलं तर संपलं. बिनजिभेच्या माणसाला कोण इचारतंय? मार्चाला लायसन नवं करायचं असतंय. करू का नको, बघतो.”

लायसन नवं केलं नाही म्हणजे पेढी बंद. पेढी बंद म्हणजे अण्णा दिवसभर त्या सोप्यात, समोर वहिनीचं शिलाई मशीन. आणि लायसन नवं केलं तर रोज सकाळी सगळ्या बाजारासमोर तोंडात गूळ टाकून खोटं बोलायचं, आणि एक दिवस पकडलं जायचं. मी दोन्हीचा विचार केला आणि जिना चढून वर आलो.

त्यानंतरच्या रविवारी अण्णा वर आले ते हातात पुरवणीची घडी घेऊन. त्यावर जाहिरात होती: ‘कोकणच्या उबदार किनारी जेट्टीवरून गळाची मासेमारी! तज्ज्ञ मार्गदर्शकासह! निवास, भोजन, प्रशस्तिपत्र!’ सोबत चित्र होतं. बहुधा परदेशातलं, लाकडी धक्क्याच्या टोकाला एक माणूस पाठमोरा बसलेला, हातात काठी, समोर पाणी.

“हे बुक कर,” अण्णा म्हणाले.

माझ्या बायकोनं पोळी लाटता लाटता लाटणं थांबवलं. आमच्या घरात अंड्याचं कवचसुद्धा कधी आलेलं नव्हतं. अण्णांच्या गळ्यात इष्टलिंग होतं आणि रोज पूजा झाल्याशिवाय ते पाणी घेत नसत.

“अण्णा, ही मासे धरायची सहल आहे,” मी म्हणालो.

“वाचता येतंय मला, मास्तर.”

“मग?”

त्यांनी चित्रातल्या पाठमोऱ्या माणसावर बोट ठेवलं. “नुसतं बसलं तर येणारा-जाणारा इचारतोय, काय झालं, बरं न्हाय काय. दुकानात बसलं तर भाव इचारत्यात. ह्याला बघ. कोण काय इचारणार हाय? गळ टाकलाय म्हटलं की झालं. दिवसभर बसला तरी माणूस कामात हाय.”

तेवढं बोलून ते जेवायला बसले. माझी बायको म्हणाली, “करा बुक. मासा काय कुणी तोंडात घालतंय?” त्या घरातला शहाणपणाचा निर्णय नेहमीप्रमाणे लाटण्याशेजारीच झाला.

सहलीचं ऑफिस राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याखाली होतं. चालक गृहस्थ पूर्वी तिरुपती आणि कन्याकुमारीच्या सहली काढत. आता बोर्डावर ‘साहस विभाग’ असं नवं पान लावलं होतं आणि बालाजीच्या फोटोच्या बाजूला डोंगरावर लटकलेल्या एका माणसाचा. दोघांनाही सकाळी एकाच उदबत्तीनं ओवाळलं जात असणार, कारण राख दोघांवर सारखीच होती.

“या पावणं. साहस का देवदर्शन?”

“मासेमारी.”

“म्हंजे साहस.” त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता: यापूर्वीचा अनुभव, नवशिका, मध्यम, तरबेज. मी विचारात पडलेला बघून ते म्हणाले, “तरबेज लिवा. बरं दिसतंय.”

“आम्ही शाकाहारी आहोत,” मी म्हणालो. “लिंगायत.”

मला वाटलं होतं की इथं संभाषण संपेल आणि मी घरी जाऊन अण्णांना तसं सांगेन. पण गृहस्थांची पापणीही लवली नाही. “आसू द्या की. आमच्याकडं सोय हाय. धरायचा आन सोडायचा. परदेशात आसंच करत्यात.”

“सोडायचाच असेल तर धरायचा कशाला?”

“सर, तुमी शिकल्यालं माणूस. इलेक्शनात मतदाराला काय करत्यात? धरत्यात, फोटो काढत्यात आन सोडत्यात. त्यात कोण मरतंय काय?”

मी आजवर अनेक परिसंवादांना बसलो आहे, पण प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला क्वचितच मिळालं आहे. मी सही केली.

“मार्गदर्शक मात्र एक नंबर हाय हं,” ते म्हणाले. “एक मिनिट गप्प बसत न्हाय.”

हे ऐकून मी दचकायला हवं होतं. पण त्या दिवसांत मी कशानंच दचकत नव्हतो.

माघ संपत आला होता. आमची बस सकाळी लवकर सुटणार होती, पण सहलीचा हा पहिलाच गट असल्यामुळे उद्घाटन होतं, आणि उद्घाटनाचे पाहुणे म्हणजे गल्लीतले एक माजी पदाधिकारी अजून आंघोळ करत होते. ते आले. त्यांच्याबरोबर फेटे बांधणारा माणूसही आला. गटात आम्ही दोघं आणि इचलकरंजीचे चौघं यंत्रमागवाले होते. ते चौघं माग बंद ठेवून आले होते आणि कोकणात जाऊन काय काय खायचं याची चर्चा करत होते. सगळ्यांत वडील आणि धोतरातले म्हणून सत्कारासाठी अण्णांची निवड झाली. त्यांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. पाहुण्यांनी भाषण केलं. कोल्हापूरला समुद्र नाही ही खंत आहे, पण कोल्हापूरकरांच्या मनात समुद्र आहे, असं ते म्हणाले. शिवाय हा उपक्रम म्हणजे तरुणाईला व्यसनांपासून दूर नेणारं पाऊल आहे, असंही. यंत्रमागवाल्यांपैकी एकानं पिशवीतली बाटली पायानं सीटखाली सरकवली.

अण्णा फेट्यात उभे होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. मुलीच्या लग्नात त्यांनी असाच फेटा बांधला होता आणि वहिनी त्यांना ‘बँडवाल्यावाणी दिसताय’ म्हणाली होती. हे मला आठवलं. आठवून काही झालं नाही, आठवलं, एवढंच.

घाट उतरून बस खाली आली आणि हवा अंगाला चिकटली. वर कोल्हापुरात आम्ही स्वेटर घालून निघालो होतो. अण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, त्यात नारळ ठेवला, आणि तो टोपलीसारखा धरून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

जेट्टी मालवणच्या अलीकडच्या एका गावात होती. चित्रातल्यासारखी लाकडाची नव्हे. सिमेंटची, कडेला गंजलेले खांब, एका बाजूला होड्या बांधलेल्या. दुपार कलली होती. मार्गदर्शक आमची वाट बघत उभा होता. चाळिशीचा माणूस, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशासाठी, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यानं आम्हाला ओळीनं उभं केलं आणि पाठ केलेल्या प्रमाण मराठीत सुरुवात केली.

“मंडळी, मासेमारी ही एक तपश्चर्या आहे. समुद्र हा आपला गुरू आहे. मासा हा आपला—”

“मासा तळल्याला का रश्शातला?” यंत्रमागवाल्यांतला एक म्हणाला. बाकीचे हसले. मार्गदर्शकानं मासा आपला कोण ते गाळलं आणि पुढचा परिच्छेद घेतला.

त्यानं प्रत्येकाला एक गळ दिला आणि आमिषाची बादली पुढे केली. बादलीत कोळंबी होती. अण्णांनी तिकडे बघून मान हलवली आणि पिशवीतून एक डबा काढला. डब्यात माझ्या बायकोनं मळून दिलेल्या कणकेच्या गोळ्या होत्या. आमच्याकडे नदीच्या घाटावर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, पुण्य म्हणून. मासा म्हटल्यावर आमच्या घरात कुणालाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

मार्गदर्शकानं डब्यात वाकून बघितलं आणि त्याची प्रमाण मराठी गळून पडली.

“ह्या काय हा?”

“कणीक,” अण्णा म्हणाले.

“अवो, खाऱ्या पाण्यात कणीक ऱ्हवता खय? इरघळान जाता. ह्या गोळ्येक मासो इचारूचो नाय. ह्या बादलीतली सुंगटा लावा.”

“राहू दे,” अण्णा म्हणाले, आणि जेट्टीच्या टोकाला जाऊन पाय सोडून बसले. मी थोडा मागे, एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलो. समुद्रावरची पुस्तकं मी बरीच वाचली होती. त्यांतली माणसं लाटांशी बोलतात, किंवा लाटा त्यांच्याशी. आमच्या इथं दोन्ही बाजू गप्प होत्या.

मार्गदर्शक मात्र नव्हता. तो चौघांकडून आमच्याकडे आणि आमच्याकडून चौघांकडे येरझाऱ्या घालत होता आणि चालता चालता सगळं सांगत होता: भरती, ओहोटी, वारा, वाऱ्याची नावं, त्याच्या मेव्हण्याची होडी, मेव्हण्याचा स्वभाव. यंत्रमागवाल्यांना एकामागून एक मासे मिळाले. प्रत्येक माशाला ओरडा झाला आणि फोटो निघाला. सोडायच्या करारातला ‘सोडायचा’ भाग त्यांनी मनावर घेतला नाही; पिशवी भरत गेली. अण्णा गळ ओढत, रिकामा आकडा बघत, डब्यातली गोळी लावत आणि पुन्हा टाकत. गोळी पाण्यात पडली की थोड्याच वेळात तिचं पीठ होऊन जात असणार. ते त्यांना कळत होतं. तरी दर वेळी गोळी नीट दाबून, गोल करून लावत होते.

ऊन उतरायला लागलं तसा मार्गदर्शक बेचैन झाला. प्रशस्तिपत्रं छापून आली होती आणि त्यांच्यावर ‘यशस्वीरीत्या मासा पकडल्याबद्दल’ असं लिहिलेलं होतं. एका माणसासाठी वेगळा मजकूर छापायची सोय नव्हती. तो एका बादलीतून आधीच धरून ठेवलेला मासा घेऊन आला. तेवढ्यासाठीच ठेवलेला असावा. मासा आपल्या कामाला सरावल्यासारखा दिसत होता.

“अण्णानु, ह्यो तुमच्या गळाक लावतंय. फोटो काढूया. मगे सोडूया.”

“नको.”

“फोटोक काय जाता?”

“नको म्हटलं की.”

मार्गदर्शक तसाच उभा राहिला. मासा त्याच्या हातात. “मासो नको, फोटो नको,” तो म्हणाला, “मगे इलास कित्याक?”

“बसायला.”

“बसूक कोल्लापुरात जागा नाय?”

मी उठलो. आता मध्ये पडावं, असं मला वाटलं. पण अण्णांनी पाण्यावरची नजर न काढता उत्तर दिलं.

“बायको वारली माझी.”

मी जिथं होतो तिथंच थांबलो. गेल्या दोन महिन्यांत ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ‘ती गेल्यापास्नं’ म्हणायचे, ‘ते झालं तवापास्नं’ म्हणायचे. घरात सगळ्यांना माहीत होतं, मग सांगायचं कुणाला? आणि यार्डात ते तिसऱ्या दिवशी हजर झाल्यामुळे विचारायची कुणाला हिंमत झाली नव्हती, किंवा गरज वाटली नव्हती.

मार्गदर्शकानं मासा पाण्यात सोडला. मग टोपी काढून तो अण्णांच्या शेजारी बसला आणि गप्प राहिला. त्याला किती जड जात असेल याची मला कल्पना होती. एक होडी आली, लागली, माणसं उतरली. चौघांपैकी कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं नुसता हात वर केला.

थोड्या वेळानं त्यानं पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि अण्णांच्या हातात दिला. अण्णा घोटभर प्याले. मग झाकण डोळ्यांपुढे धरून त्यांनी आत बघितलं.

“ह्यात साखर हाय काय?” त्यांनी विचारलं.

“हा तर. दोन चमचे घातलंय. कमी पडली?”

“तसं न्हवं. मला कळत न्हाय. म्हणून इचारलं.”

“तोंडाक चव नाय?”

“न्हाय.”

“मगे इचारूचा,” मार्गदर्शक म्हणाला. “त्यात काय मोठा? माझी म्हातारी डोळ्यांनी गेली. ती सगळ्यांका इचारता, दिवस हा की रात. आमी सांगताव.”

एवढं बोलून त्याला बहुधा वाटलं की शांततेचा मान पुरेसा ठेवून झाला आहे, कारण मग तो म्हातारीच्या डोळ्यांबद्दल, ऑपरेशनबद्दल, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या बंगल्याबद्दल आणि बंगल्यामागच्या आंब्यांबद्दल अंधार पडेपर्यंत बोलत राहिला. अण्णा ऐकत होते की नाही, सांगता येत नाही. डब्यातल्या गोळ्या संपल्यावर त्यांनी गळ गुंडाळून त्याच्या हातात दिला.

प्रशस्तिपत्र त्यांना मिळालंच. मार्गदर्शकानं शिट्टी वाजवून एकेकाचं नाव पुकारलं आणि तळलेल्या माशाच्या वासात पत्रं वाटली. अण्णा आता छापील पुराव्यानिशी यशस्वी मच्छीमार होते. घरी परतताना ते पत्र बसच्या सीटवर राहिलं. विसरलं की ठेवलं, मी विचारलं नाही. घाट चढताना मी फक्त एवढंच विचारलं, “लायसनचं काय करायचं?”

“उद्या सौद्याला ये,” ते म्हणाले. “तुझा तास किती वाजता असतोय?”

“अकराला.”

“मग ये.”

मी सौद्याला वर्षानुवर्षं गेलो नव्हतो. सोमवारी गेलो तेव्हा थप्प्या लागल्या होत्या आणि व्यापारी त्यांच्या कडेनं उभे होते. अण्णांना बघून दोघा-तिघांनी नमस्कार केला, आणि मग सगळे थोडे मागे सरले. आता हा माणूस कुठली थप्पी उचलतो ते बघायचं आणि त्या थप्पीपासून लांब राहायचं, असा त्या मागे सरण्याचा अर्थ होता. शेजारच्या गाळ्यातला तो तिखट व्यापारीही होता.

“काय अण्णा, समुद्राला गेलता म्हणं. मिठाचा भाव काढला काय?”

अण्णा पहिल्या थप्पीपाशी गेले. टवका काढला. रंग बघितला, बोटांत चुरून कणी बघितली. मग उरलेला तुकडा तळहातावर ठेवून त्यांनी तो हात त्या व्यापाऱ्यापुढे केला.

“बघ रे, खारट हाय काय.”

तो हसला. “चेष्टा लावलीय व्हय सकाळी सकाळी?”

“चेष्टा न्हाय. माझ्या जिभंला कळत न्हाय. बायको वारली तवापास्नं. मागच्या टायमाला बी कळलं न्हवतं, म्हणून तसं झालं.”

ते मोठ्यानं बोलले नाहीत, पण आवाज दाबलाही नाही. ज्याचा गूळ होता तो शेतकरी, हमाल, सौदा पुकारणारा, सगळ्यांना ऐकू गेलं. व्यापाऱ्यानं अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ह्यात काहीतरी डाव असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाजारात कुणी आपणहून आपली उणीव सांगितली की लोक आधी खिसा चाचपतात.

“आन मी खोटंच सांगितलं तर?” तो म्हणाला.

“तर तुझं नाव जाईल. माझं गेलंयच.”

 मग त्यानं तळहातावरचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. यार्डात नेहमी असतो तेवढाच गोंगाट होता. पण त्या थप्पीभोवतीचे सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होते.

“मारतोय जरा,” तो म्हणाला.

“किती?”

“चहात घातला तर दूध नासंल.”

ज्याचा गूळ होता तो शेतकरी पुटपुटला, “एवढा काय न्हाय.”

“गप बस. एवढा हाय,” व्यापारी त्याच्यावर खेकसला. आता प्रश्न त्याच्या जिभेच्या इभ्रतीचा होता.

“मग नको,” अण्णा म्हणाले आणि पुढच्या थप्पीकडे गेले. टवका काढला, कणी बघितली आणि न वळता हात मागे केला. व्यापारी जागचा हलला नव्हता. अण्णांचा हात तसाच राहिला.

“आवो, मला काय दुसरी कामं न्हाईत काय?” असं म्हणत तो आला, तुकडा उचलला, चघळला. “ह्यो चांगला हाय. घ्या ह्यो.”

“तू घेणार न्हाईस?”

“आधी तुमी बोली करा. मग बघतो.”

सौदा सुरू झाला. अण्णांनी बोली लावली, त्यानंही लावली, आणि शेवटी थप्पी त्यानंच नेली. अण्णा त्याच्यावर भडकले, तो अण्णांवर भडकला. ‘चव माझी, माल माझा’ असा त्याचा मुद्दा होता आणि तो खोडून काढणं अवघड होतं.

मी घड्याळ बघितलं. तासाला उशीर होत होता. मी निघालेला बघून अण्णांनी तिसऱ्या थप्पीपाशी उभं राहूनच हाक मारली.

“मास्तर, कॉलेज सुटलं की बाजार समितीत जा. लायसनचा फॉर्म घेऊन ये.”